दोन दूरच्या विमानतळांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

दोन विमानतळांची नावे टाकून माहिती शोधली की अंतराचा एक आकडा मिळतो आणि वेळाचा एक. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच टाइपात छापलेले असल्यामुळे ते सारख्याच भरवशाचे आहेत असे वाचणाऱ्याला वाटते, पण तसे ते नसतात. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे. दोन बिंदू पक्के झाले की त्याचे उत्तर पक्के होते आणि ते ऋतूप्रमाणे बदलत नाही. वेळ मात्र वारा, हवाई हद्दी, विमानाचा प्रकार आणि धावपट्टीपाशी लागलेली रांग या सगळ्यांच्या हातात असतो. म्हणून पहिला आकडा काळजीपूर्वक काढावा आणि दुसरा नेहमी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असाच मांडावा. 'सहा तास आठ मिनिटे' असे मिनिटापर्यंतचे उत्तर दिसले, तर ते कोणी मोजलेले नसून भागाकार करून काढलेले आहे, असे खुशाल समजावे.

आधी विमानतळ नेमका कोणता ते ठरवावे

शहराचे नाव म्हणजे विमानतळ नव्हे. लंडनच्या नावावर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड असे विमानतळ आहेत. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून सरळ रेषेतही सुमारे ६० किमी दूर आहेत. हवाई अंतरात इतक्या फरकाने फारसे बिघडत नाही, परंतु शहरातून विमानतळावर पोहोचण्याच्या वेळात तो चांगलाच जाणवतो. त्याहून मोठा घोटाळा सारख्या नावांचा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे, आणि सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे तसे कॅलिफोर्नियातील शहरही आहे. त्यामुळे शोध घेताना शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत वापरावा. तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर तोच छापलेला असतो, जसे न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळासाठी जेएफके किंवा हीथ्रोसाठी एलएचआर.

संकेत हाती आला की त्या विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश शोधावेत. ते दोन पद्धतींनी लिहिले जातात आणि चुकांची सुरुवात बहुधा इथेच होते. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटे आहे. याला ५१.२८ असे लिहून पुढे जाणे ही अगदी सहज होणारी चूक आहे. मीही ती केलेली आहे. अंशाची मिनिटे ६० असतात, १०० नव्हेत. म्हणून २८ ला ६० ने भागावे आणि ५१.४७ असे लिहावे. फरक दिसायला क्षुल्लक असला तरी जमिनीवर तो २१ किमीचा होतो.

दुसरी काळजी चिन्हांची. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेचे रेखांश उणे धरायचे असतात. न्यूझीलंडमधील ऑकलंडचा अक्षांश उणे ३७.०१ आहे. हे उणे चिन्ह विसरून ऑकलंड ते लॉस एंजेलिस अंतर काढले, तर खरे उत्तर सुमारे १०,४९० किमी असताना आपल्याला ५,९३० किमी मिळते, कारण गणितात ऑकलंड उचलले जाऊन उत्तर गोलार्धात ठेवले जाते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. काही चुका मात्र उत्तराच्या आड लपतात. केनेडी विमानतळाचा रेखांश उणे ७३.७८ आहे, त्याचे चिन्ह विसरले तर विमानतळ थेट किर्गिझस्तानच्या डोंगरात जाऊन बसतो, पण हीथ्रो जवळजवळ शून्य रेखांशावरच असल्यामुळे त्याच्यापासूनचे अंतर जेमतेम ६० किमीने बदलते आणि आपण समाधानाने पुढे जातो. म्हणून गणित करण्यापूर्वी दोन्ही बिंदू एकदा नकाशावर टाकून पाहावेत.

अंतर: दोरीने आणि सूत्राने

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग महावर्तुळावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचे दोन समान भाग केले की कापाच्या कडेवर जे वर्तुळ मिळते ते महावर्तुळ. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा म्हणजे हा मार्ग नव्हे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडील प्रदेश ताणून मोठे दाखवलेले असतात, त्यामुळे त्यावरची सरळ रेषा प्रत्यक्षात लांबची वाट असते आणि जवळची वाट वाकडी दिसते. विमानातल्या पडद्यावर आपले विमान उगाचच उत्तरेकडे वळसा घेत आहे असे प्रवाशांना वाटते, ते यामुळेच.

माद्रिद आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे साधारण साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्याच अक्षवृत्तावरून सरळ पश्चिमेला गेले तर सुमारे ५,९३० किमी जावे लागते. महावर्तुळाने गेले तर ५,७६० किमी पुरतात, मात्र मध्यावर ती वाट ४६ अंशांच्या वर चढलेली असते. इथे बचत १७० किमीची आहे. ठिकाणे जितकी ध्रुवांजवळ आणि एकमेकांपासून जितकी लांब, तितकी ती झपाट्याने वाढते.

सूत्राच्या वाटेला जाण्यापूर्वी पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन बसावे, असा माझा आग्रह आहे. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंमी असतो आणि पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर जवळपास ४२५ किमीचा. न्यूयॉर्क आणि लंडन यांवर दोरा ताणून धरला की तो १३ सेंमी भरतो. १३ गुणिले ४२५ म्हणजे सुमारे साडेपाच हजार किमी. दोरा ताणला की तो आपोआप जवळच्या वाटेवर सरकतो, आणि ती वाट कोणकोणत्या प्रदेशांवरून जाते हेही समोर दिसते. पुढे वेळाचा अंदाज करताना हे दृश्य फार उपयोगी पडते, आणि सूत्राने काढलेले उत्तर भलतेच आले तर ते लगेच लक्षात येते.

आता सूत्र. पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन विमानतळांमध्ये होणारा कोन काढायचा आणि त्याला एका अंशाच्या लांबीने गुणायचे, इतकाच त्याचा अर्थ आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एक अंश १११.१९ किमीचा होतो. कोन असा मिळतो:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतील फरक)

केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम आणि हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम असे धरू. रेखांशांतील फरक ७३.३३ अंश. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.६५१३ × ०.७८२३ म्हणजे ०.५०९५ येतो. कोसाइनचा गुणाकार ०.७५८८ × ०.६२२९ म्हणजे ०.४७२७, त्याला ७३.३३ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.२८६९ ने गुणले की ०.१३५६ मिळतात. दोहोंची बेरीज ०.६४५१. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे तो कोन ४९.८३ अंश, आणि ४९.८३ गुणिले १११.१९ म्हणजे ५,५४० किमी. दोऱ्याने जवळपास हेच सांगितले होते.

हे गणित कॅल्क्युलेटरवर करताना तो अंशांवर लावलेला आहे ना, हे आधी तपासावे. ३० चा साइन ०.५ आला की समजावे की सर्व ठीक आहे. स्प्रेडशीटला मात्र कोन रेडियन या दुसऱ्या एककातच लागतात, त्यामुळे तेथे प्रत्येक अंशमाप आधी बदलून घ्यावे लागते. एक विमानतळ पूर्व रेखांशावर आणि दुसरा पश्चिम रेखांशावर असेल तर उणे चिन्ह बाजूला ठेवून दोन्ही रेखांशांची बेरीज करावी, आणि ती १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करावी. ऑकलंड १७४.७९ पूर्व आणि लॉस एंजेलिस ११८.४१ पश्चिम असल्यामुळे बेरीज २९३.२० होते, म्हणून खरा फरक ६६.८० अंश. कोसाइनला दोन्ही सारखेच असतात, त्यामुळे सूत्र या बाबतीत चूक पोटात घालते. हाताने अंदाज करणाऱ्याची मात्र ती फसगत करते.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, आणि वरचे सूत्र तिला शुद्ध गोल मानते. या गृहीतकामुळे अंतर जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चुकते. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर पृथ्वीचा खरा आकार धरून सुमारे १५ किमी जास्त भरते. दोन साधनांनी दिलेल्या अंतरांत दहापंधरा किमीचा फरक दिसला तर त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि प्रवाशाने त्यासाठी डोके शिणवण्याचे कारण नाही. एककांकडे मात्र लक्ष द्यावे. वैमानिकांची कागदपत्रे सागरी मैलात असतात, आणि एक सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. काही संकेतस्थळे १,६०९ मीटरचा जमिनीवरचा मैल वापरतात. नुसते 'मैल' वाचून गुणाकार केला तर अंतर पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होते.

विमान त्या रेषेवरून खरोखर जाते का

जवळपास जाते, पण नेमके तिच्यावरून क्वचितच. उड्डाण आणि अवतरण वाऱ्याच्या दिशेनुसार ठरलेल्या धावपट्टीवरून होते, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी काही किमीचा वळसा पडतोच. लांबच्या प्रवासात त्याहून मोठी कारणे असतात.

पहिले कारण हवाई हद्दींचे. एखाद्या देशाने आपली हद्द बंद केली की भूमितीने दिलेले अंतर कागदावरच राहते. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हवाई हद्द अनेक युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाली, आणि हेलसिंकीहून टोकियोला जाण्यासाठी पूर्वी साधारण साडेनऊ तास लागत ते तेरा तासांच्या आसपास लागू लागले. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत, महावर्तुळावरचे अंतरही तेच आहे. वाट तेवढी बदलली. ज्या मार्गाची चौकशी करायची आहे त्याची रेषा कोणकोणत्या देशांवरून जाते हे दोऱ्याने पाहून ठेवावे, असे वर सांगितले ते यासाठीच.

दुसरे कारण सुरक्षेचे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर ठराविक वेळात एखाद्या योग्य विमानतळावर पोहोचता आले पाहिजे, असा नियम आहे. ही मर्यादा विमानाच्या प्रकारानुसार वेगवेगळी असते. १९८५ साली ती १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली आणि आजच्या काही विमानांना पाच तासांहून अधिक मुभा आहे. सिडनीहून सँटियागोला किंवा जोहान्सबर्गला जाणारी महावर्तुळाची रेषा दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या बाजूला झुकते आणि तिच्या आसपास उतरण्याजोगे विमानतळ जवळपास नाहीत. तेथे ही मर्यादा प्रत्यक्ष वाट ठरवते. तिबेटच्या पठारावरून जाण्याचे विमाने शक्यतो टाळतात त्याचेही कारण असेच आहे: केबिनमधील हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तेथे जमीनच त्याहून उंच आहे.

तिसरे कारण वारा, आणि ते इतके महत्त्वाचे आहे की कधीकधी वैमानिक मुद्दाम लांबची वाट धरतात. न्यूयॉर्क ते सिंगापूर हे उदाहरण पाहावे. सूत्राने अंतर सुमारे १५,३४० किमी येते आणि दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवापासून तीनशे किमीच्याही आतून जातो. परंतु सिंगापूरहून न्यूयॉर्कला येणारे विमान बहुधा पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून येते, कारण त्या वाटेवर वारा पाठीशी असतो आणि किमी वाढूनही तास कमी होतात. जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असेल असे धरून चालू नये.

वेळ: भागाकारापासून वेळापत्रकापर्यंत

वेळ काढण्यासाठी प्रथम विमानाचा वेग लागतो. लांब पल्ल्याची मोठी जेट विमाने ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किमी उंचीवर हवा अतिशय थंड असल्यामुळे तेथे ध्वनीचा वेग जमिनीवरच्यापेक्षा कमी, ताशी सुमारे १,०६० किमी असतो. म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास भरतो. आसनांमधून एकच मार्गिका असलेल्या लहान विमानांचा वेग थोडा कमी, ताशी सुमारे ८३० किमी. लांब अंतरावर हा फरक जाणवतो, म्हणून शक्य असेल तर तिकिटावर विमानाचा प्रकार कोणता दिला आहे ते पाहावे.

हा वेग हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या तुलनेतला नाही. विमान हवेत पोहत असते, आणि ती हवाच वाहत असते. नदीच्या प्रवाहातून होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही गोलार्धांच्या मध्यम अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते विशेष जोरात असतात. न्यूयॉर्क ते लंडन हे ५,५४० किमी वारा नसताना ताशी ९०० च्या वेगाने सहा तास नऊ मिनिटांत कापले जातील. ताशी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि पाच तास बत्तीस मिनिटे पुरतात. परतीच्या वाटेवर तोच वारा समोरून आला की वेग ८०० वर येतो आणि सहा तास छप्पन्न मिनिटे लागतात.

या आकड्यांत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. जाताना सदतीस मिनिटे वाचली, येताना सत्तेचाळीस मिनिटे जास्त लागली. जाणे आणि येणे यांत वारा सारखाच असला तरी हिशोब फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेले असते. म्हणून दोन्ही दिशांना एकच सरासरी वेळ लावणारे साधन दोन्ही दिशांना चुकते, आणि पूर्व-पश्चिम मार्गांवर ते तसे करते का, हे विमानतळांचा क्रम उलटा टाकून लगेच तपासता येते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गांवर वारा बहुतांशी बाजूने येतो, त्यामुळे तेथे जाण्यायेण्याच्या वेळांत सहसा फार अंतर पडत नाही.

वारा किती टोकाला जाऊ शकतो याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाच्या वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरले. जमिनीच्या तुलनेत ताशी १,२०० किमीच्या वर गेलेल्या त्या विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती. याच वाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी आणि तोटा टाळण्यासाठी उत्तर अटलांटिकवरचे मार्ग दिवसातून दोनदा, युरोपकडे जाणाऱ्यांसाठी आणि अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगवेगळे, नव्याने आखले जातात.

भागाकाराने आलेल्या वेळात चढण्याउतरण्याची भर घालावी लागते. पूर्ण उंची गाठेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि उतरणीची सुरुवात विमानतळ दोन-अडीचशे किमी दूर असतानाच होते. या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. सगळे मिळून अर्धा तास धरला तर अंदाज फारसा चुकत नाही. विमान हवेत असण्याचा वेळ असा मिळतो, आणि उड्डाणापूर्वी वैमानिक जो वेळ जाहीर करतो तो बहुधा हाच असतो.

तिकिटावरचा वेळ याहून वेगळा. विमान निघण्याच्या दारापासून हलले की तो सुरू होतो आणि पोहोचण्याच्या दाराशी थांबले की संपतो. त्याला व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर दार मोकळे होण्याची वाट पाहणे हे सारे त्यात येते, आणि गजबजलेल्या विमानतळांवर दोन्ही टोके मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय कंपन्या उशिरावर पांघरूण घालता यावे म्हणून थोडा वेळ जास्तच लिहितात. त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालेले विमान वेळेवर पोहोचल्याचे कौतुक जपून करावे. तो अर्धा तास वेळापत्रकात आधीच ठेवलेला असू शकतो.

यावरून न्यूयॉर्क ते लंडनसाठी तिकिटावर सात तासांच्या आसपास आणि परतीला आठ तासांच्या आसपास का लिहिलेले असते हे कळते. माझ्या मते हा सगळा हिशोब समजून घ्यावा, पण नियोजनासाठी शेवटचा शब्द त्याचा नसावा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या सेवांवर ठराविक क्रमांकाच्या विमानाने मागील काही दिवसांत प्रत्यक्ष किती वेळ घेतला ते पाहता येते. आठ-दहा दिवसांच्या नोंदी घ्याव्यात, त्यांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ लिहून ठेवावा, आणि प्रवास वेगळ्या ऋतूत असेल तर पूर्वेकडे जाताना हिवाळ्यात थोडे कमी आणि पश्चिमेकडे जाताना थोडे जास्त धरावे.

मध्ये थांबा असेल तर

तिकीट काढताना 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे शब्द एकच समजू नयेत. नॉनस्टॉप विमान मध्ये कोठेही उतरत नाही. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, पण विमान वाटेत उतरू शकते.

थांब्यामुळे अंतर किती वाढते हे पाहणे मनोरंजक आहे, कारण ते बहुधा अपेक्षेपेक्षा कमी निघते. लंडन ते सिडनी हे महावर्तुळाने सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे गेले तर लंडन ते सिंगापूर सुमारे १०,९०० आणि तेथून सिडनी ६,३००, म्हणजे वाढ जेमतेम एक-दीड टक्का. वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतो: उतरणे, जमिनीवरची फेरी, थांबा आणि पुन्हा चढणे यांत किमान दोन-तीन तास जातात. म्हणून थांब्याची निवड करताना नकाशावरचा वळसा बघत बसण्यापेक्षा तेथील थांब्याचे तास बघावेत. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सामान पुढे पाठवण्याची आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे विमान चुकल्यास पर्याय देण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीकडे राहते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर तो भार प्रवाशावर येतो, आणि मग मधला वेळ सढळ हाताने ठेवावा.

घड्याळाचा हिशोब

तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी केली की प्रवासाचा वेळ मिळत नाही. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदलाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. हिवाळ्यात न्यूयॉर्क यूटीसीच्या ५ तास मागे असते. संध्याकाळी ७ वाजता निघालेले विमान यूटीसीप्रमाणे मध्यरात्री १२ वाजता निघते आणि लंडनला सकाळी ७ वाजता पोहोचते. घड्याळ बारा तास पुढे गेलेले दिसते, प्रवास सात तासांचा असतो. परतीला सकाळी १० वाजता निघून दुपारी १ वाजता पोहोचणारे विमान तीन तासांत आल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते आठ तास उडालेले असते.

सर्वच देश पूर्ण तासांनी मागेपुढे नाहीत. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे. आणि उन्हाळी वेळेची तर निराळीच गंमत आहे. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांतील फरक पाचऐवजी चार तासांचा होतो. शरद ऋतूत हाच प्रकार एक आठवडा चालतो. या काळात प्रवास असेल तर पाठ असलेला फरक वापरू नये, त्या तारखेचा फरक शोधून घ्यावा.

पॅसिफिक ओलांडताना आंतरराष्ट्रीय वाररेषा येते आणि तारीखही बदलते. जानेवारीत ऑकलंड यूटीसीच्या १३ तास पुढे आणि लॉस एंजेलिस ८ तास मागे असते. ऑकलंडहून मंगळवारी रात्री ८ वाजता निघालेले विमान बारा तासांनी लॉस एंजेलिसला उतरते तेव्हा तेथे मंगळवारचेच सकाळचे ११ वाजलेले असतात, म्हणजे निघण्याच्या नऊ तास आधी! हॉटेलची खोली पुढच्या दिवसाची घेऊन ठेवणारे प्रवासी इथेच चुकतात. उलट दिशेने येताना रात्री निघालेले विमान एक पूर्ण दिवस गाळून तिसऱ्या तारखेला उतरते, आणि तिकिटावर वेळेच्या शेजारी अधिक २ असा बारीक आकडा छापलेला असतो.

हे सारे रूपांतर करण्याचा कंटाळा आला तर एक सोपी युक्ती आहे. जाण्याच्या आणि येण्याच्या तिकिटांवर घड्याळाप्रमाणे दिसणारे तास, मधल्या काळात घड्याळे बदललेली नसतील तर, तसेच्या तसे मिळवावेत आणि दोनाने भागावे. वरच्या न्यूयॉर्क-लंडनच्या उदाहरणात बारा आणि तीन मिळून पंधरा, त्याचे निम्मे साडेसात. एका दिशेला जेवढे तास मिळतात तेवढेच दुसऱ्या दिशेला जात असल्यामुळे प्रमाणवेळेतील फरक बेरजेत नाहीसा होतो, आणि उरतो तो एका बाजूच्या प्रवासाचा सरासरी वेळ. वाऱ्याची बाजू लक्षात घेऊन त्यातून पूर्वेकडे जाताना अर्धा तास वजा करावा आणि पश्चिमेकडे येताना तेवढाच मिळवावा. लंडनच्या तिकिटावरचे सात आणि आठ तास बरोबर जुळतात.